आवर्तनाच्या वेळापत्रकात एक रकाना

जलसंपदा विभागातील अभियंता बंधु-भगिनींनो,



पक्ष्यांबद्दल कुणाला काही सांगायचं असलं की तो वनखात्याला पत्र लिहितो. नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याबद्दलची निवेदनं, मागण्या, कात्रणं आजवर त्याच पत्त्यावर जात आली. मी मात्र हे पत्र तुम्हाला लिहिते आहे आणि चारचौघांसमोर लिहिते आहे. वनखातं तिथे गस्त घालतं, तिकीट फाडतं, मनोरे बांधतं, शिकार रोखतं. पण अभयारण्यात पाणी किती असेल, कोणत्या दिवशी चढेल आणि किती वेगानं उतरेल, हे तुमच्या कचेरीत ठरतं. पाणथळीतल्या पक्ष्याचं जगणं तर सगळं त्यावरच चालतं.

महाराष्ट्रात बहुतेकांना नांदूर मध्यमेश्वर हे नाव पावसाळ्यातल्या बातम्यांमुळे ठाऊक आहे. नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून इतके हजार क्युसेक विसर्ग, असं ऐकलं की कोपरगावची मंडळी नदीकाठ गाठतात आणि पैठणची मंडळी जायकवाडीची टक्केवारी विचारू लागतात. बातम्या थांबतात तेव्हा आम्हा पक्षीनिरीक्षकांचा मोसम सुरू होतो. ऑक्टोबर सरता सरता पहिली बदकं उतरतात, आणि नाशिक-निफाडकडून चापडगावच्या रस्त्याला पहाटे गाड्या लागतात.

हे पाणथळ निसर्गानं आयतं दिलेलं नाही, तुमच्या खात्याच्या पूर्वसुरींनी ते बांधलं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी इंग्रजी अमलात, विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकांत हा बंधारा उभा राहिला. वरच्या अंगाला दारणा धरण १९१६ साली पुरं झालं, गंगापूर १९६५ साली. धरणातून सोडलेलं पाणी नदीपात्रानं इथवर यायचं आणि बंधाऱ्यापाशी वळून गोदावरीच्या डाव्या-उजव्या तट कालव्यांत शिरायचं. पुढे वैजापूर-गंगापूरकडे जाणारा जलद कालवाही इथूनच निघाला. पाणी साठवण्यापेक्षा ते वळवण्यासाठीच बंधाऱ्याची योजना होती. पण नदीचा वेग अडला की नदी अंगावरचा गाळ खाली टाकते. शंभर वर्षं ती टाकत राहिली, आणि बंधाऱ्याच्या पोटात बेटं तयार झाली, उथळ पट्टे पसरले, पाणवनस्पती रुजल्या, मासे वाढले. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या कोरड्या मुलखात एवढं उथळ, हिरवं, खाण्यानं भरलेलं पाणी दुसरीकडे कुठे होतं? पाखरांनी ते बरोबर हेरलं.

१९८६ साली इथे अभयारण्य जाहीर झालं. २०२० च्या जानेवारीत नांदूर मध्यमेश्वर आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आल्याची घोषणा झाली; महाराष्ट्राचं त्या यादीतलं हे पहिलं नाव. त्यामागोमाग लोणार आलं, मग ठाण्याची खाडी. लोणारचं विवर उल्केनं पाडलं, ठाण्याची खाडी समुद्रानं घडवली. या तिघांत फक्त नांदूर मध्यमेश्वर माणसानं घडवलं आहे आणि घडवणारं खातं तुमचं आहे. रामसरच्या कागदपत्रांत इथलं १,४३७ हेक्टर क्षेत्र आणि ५३६ सजीवजातींची नोंद आहे. त्यांत पक्ष्यांइतकीच मला जवळची वाटते ती देवळालीचं नाव लावणारी एक बोटभर मासळी, देवळाली मिनो. ती अतिसंकटग्रस्त आहे. तिच्यासाठी कुणी दुर्बीण घेऊन येत नाही.

माझे वडील कालवा निरीक्षक होते, म्हणून तुमची भाषा माझ्या कानांवरून गेलेली आहे. घरात आवर्तन, पाळी, चारी, टेल, गेज हे शब्द मीठ-मिरचीइतक्याच सहजपणे यायचे. पाटाला पाणी सुटलं की वडिलांचं जेवणाचं भान सुटायचं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचवायचं, मधे चोरून पाणी ओढणाऱ्या डोंगळ्यांवर नजर ठेवायची, रात्री-अपरात्री पाटकऱ्याबरोबर सायकलवर फिरायचं. पाणी वाटणाऱ्या माणसावर किती बाजूंनी दाब असतो, हे मी घरात पाहिलं आहे. त्यामुळे तुम्हाला पक्ष्यांची पर्वा नाही, असं या पत्रात कुठेही म्हणायचं नाही. माझं म्हणणं निराळं आहे. पक्ष्यांची गरज तुमच्या कामाच्या भाषेत तुमच्यापुढे कुणी नीट मांडलीच नाही. ती मांडायचा हा प्रयत्न आहे.

तुमचा रब्बी हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होतो आणि फेब्रुवारीअखेर संपतो. मध्य आशिया, तिबेट, लडाख, सायबेरिया या भागांतून आलेल्या पाहुण्यांचा इथला मुक्कामही जवळपास तेवढाच असतो. मग १ मार्चपासून उन्हाळी हंगाम लागतो, तेव्हा इथल्या रहिवासी पक्ष्यांपैकी कित्येकांची वीण सुरू होते. म्हणजे ज्या दोन हंगामांत तुम्ही कालव्यांना पाण्याची आवर्तनं सोडता, त्याच दोन हंगामांत पक्ष्यांनाही पाण्याकडून सर्वांत जास्त हवं असतं. ही गाठ टाळता येणार नाही. तिच्याकडे पाहून नियोजन करता येईल.

जानेवारीतल्या एखाद्या सकाळी चापडगावच्या मनोऱ्यावर या. धुकं विरेपर्यंत फक्त आवाज असतात. वारकरी पक्ष्यांची कुरकुर, जांभळ्या पाणकोंबडीची खरखरीत हाक, लांबून चक्रवाकांचा तो अनुनासिक सूर. ऊन पाण्यावर आलं की दिसायला लागतं, आणि पाच मिनिटं नीट पाहिलंत तर तुमच्यासारख्या पाण्याची खोली मोजणाऱ्या माणसाच्या एक गोष्ट ध्यानात येईल. पक्षी कुठेही विखुरलेले नसतात, पंगतीत मानानं बसावं तसे ते खोलीनं बसलेले असतात. अगदी काठाला, जिथे पाणी नुसतं चकाकतं, तिथे चिखल्या, टिलवे, तुतवार धावत असतात. त्यांना दोन-तीन सेंटिमीटर पाणीही जास्त होतं. त्यापुढे वीतभर पाण्यात लाल पायांचे शेकाटे आणि लांब चोचीचे गॉडविट. गॉडविट चोच डोळ्यांपर्यंत चिखलात रोवतो आणि आतल्या किड्याचा अंदाज चोचीच्या टोकानं घेतो. त्यापलीकडे गुडघाभर पाण्यात चमचे आणि चित्रबलाक. चमच्या पाहायला मिळाला तर बाकी सगळं विसरा. चपटी चोच अर्धवट उघडी ठेवून तो ती पाण्यात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत चालत राहतो, आणि एखादी मासळी आत शिरली की चोच खाडकन मिटते.

आणि थापट्या. या बदकाची चोच डोक्याच्या मानानं भलतीच मोठी असते, टोकाला फावड्यासारखी रुंद. तिच्या कडांना बारीक दात्यांची झालर असते. दहा-पंधरा थापटे एकत्र जमतात, एकामागे एक गोल फिरतात, पुढच्याच्या पायांनी ढवळलेलं पाणी मागचा चोचीत घेतो आणि त्यातला सूक्ष्म जीव-बियांचा ऐवज गाळून बाजूनं पाणी सोडून देतो. हे फिरणं तासन् तास चालू असतं. पण त्यांना तळ ढवळता यावा लागतो, किंवा खाणं पृष्ठभागाजवळ तरी असावं लागतं. थापट्या किंवा भुवई बदक बुडी मारून खोल जाणाऱ्यातलं नाही. तलवार बदकाची मान लांब, म्हणून ते शेपूट आकाशाकडे करून थोडं अधिक खालचं खातं, पण तेही मानेच्या लांबीपुरतंच.

आता याच चित्रात एक फूट पाणी वाढवा.

तुमच्या हिशेबात एक फूट म्हणजे फार काही नाही. बंधाऱ्याची पातळी दाखवणाऱ्या गेजवर काटा थोडा वर सरकला, कालव्याला हेड मिळालं, काम झालं. पण जमीन जिथे जवळपास सपाट आहे तिथे एक फुटानं पाणी शेकडो मीटर आत पसरतं. चिखल्यांचा चिखल संपतो. शेकाट्यांना पाय टेकत नाहीत. गॉडविटची चोच तळापर्यंत पोचत नाही. थापट्यांच्या खालचा तळ दूर जातो. वारकऱ्यांना फारसा फरक पडत नाही, ते बुडी मारणारे. पाणकावळेही खूश असतात. पण ज्या जातींसाठी ही जागा जगात ओळखली जाते त्यांतल्या बहुतेकांना उठून जावं लागतं. हे एका रात्रीत होऊ शकतं. पक्षीगणनेच्या दिवशी पाणी चढलेलं असलं की आकडे उतरतात. बातमी छापून येते ‘पक्षी रोडावले’, आणि कारण म्हणून हवामानबदल, प्रदूषण, मानवी हस्तक्षेप असं सगळं लिहिलं जातं. ती कारणं खोटी नाहीत. पण त्या आठवड्यात गेज किती होता, हे त्यात कुठेच नसतं.

उलटही होतं. आवर्तन संपून पाणी झपाट्यानं उतरलं की डबक्यांत मासे अडकतात. दोन दिवस करकोचे आणि बगळे जेवतात, तिसऱ्या दिवशी चिखल तडकतो. बेटांभोवतीचं पाणी आटतं, आणि पाण्यामुळेच ज्यांना संरक्षण होतं त्या जागांपर्यंत गावातली मोकाट कुत्री चालत पोचतात. पट्टकदंब रात्री आसपासच्या हरभऱ्यात, गव्हात चरतात आणि दिवसा असल्या बेटांवर निवांत बसतात. मंगोलिया-तिबेटच्या पठारांवर वाढून हिमालयावरून उडत आलेला हा हंस कुत्र्यांच्या भीतीनं दिवसभर उठत-बसत राहिला, तर परतीच्या प्रवासासाठी चरबी कधी साठवणार?

उन्हाळ्यात प्रश्न अंड्यांचा असतो. नदी सुरय आणि छोटा आर्ली घरटं बांधत नाहीत. मार्च-एप्रिलच्या उन्हात, उघड्या पडलेल्या वाळूत किंवा खडकाच्या खळग्यात ते अंडी घालतात. अंडं वाळूच्याच रंगाचं, पाय पडेपर्यंत दिसत नाही. आई-बाप ओल्या पोटानं येऊन त्याला गार करतात. पाणी कमी असताना उघडी पडणारी जागा ही त्यांची जागा, आणि नेमक्या याच दिवसांत पिण्याच्या पाण्याचं किंवा फळबागांचं आवर्तन येतं. पाणी दोन-तीन इंच वर आलं तरी त्या वर्षाची वीण गेली. पक्षी पुन्हा अंडी घालायचा प्रयत्न करतो, पण तोवर मे उतरलेला असतो आणि मागून पाऊस येत असतो.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, बाई, नाशिकचं पाणी नगरला, नगरचं मराठवाड्याला, समन्यायी वाटपाचा कायदा २००५ पासून आहे, दरवर्षी १५ ऑक्टोबरचे साठे मोजताना आमच्या तोंडचं पाणी पळतं, त्यात आता पक्ष्यांचा वाटा कुठून आणायचा? याच प्रश्नासाठी मी हे पत्र लिहायला बसले. पक्ष्यांना वाटा नको आहे. एकही दशलक्ष घनफूट नको. इथल्या पाण्यातून पक्षी काहीही काढून नेत नाही. जे पाणी आज शेकाट्याच्या पायाखाली आहे तेच उद्या येवल्याच्या चारीत जाणार आहे, आणि जावंच. पक्ष्याला हवी आहे ती पातळी आणि वेळ. किती पाणी, हा कोपरगाव आणि पैठणचा प्रश्न. पाणी कसं चढतं आणि कसं उतरतं, एवढाच नांदूर मध्यमेश्वरचा प्रश्न. आजवर या दोन प्रश्नांची सरमिसळ झाली, म्हणून पक्ष्यांचं नाव काढलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. तो यायचं कारण नाही. मी स्वतः द्राक्षबागेच्या गावातली आहे, पाळी चुकली की घरात काय होतं ते मला ठाऊक आहे.

आवर्तन जोरात का सोडावं लागतं, हेही मला कळतं. धरणापासून इथवर नदीनं येताना पाणी मुरतं, मोटारी लागतात, काठच्या गावांची वीज तोडावी लागते. संथ सोडलं तर अर्धं वाटेतच जाईल. म्हणून वरून हळू सोडा, असं मी म्हणत नाही. माझी विनंती शेवटच्या टप्प्यापुरती आहे. येणारी लाट बंधाऱ्यात पोचायच्या सुमारास कालव्यांचे दरवाजे असे उघडावेत की आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी जमेल तितकं जुळेल आणि मधली पातळी उसळणार नाही. चढवायचीच असेल तर ती एका रात्रीत न चढवता काही दिवसांत चढवावी, उतरवतानाही तसंच. हे कितपत जमेल, कुठे अडेल, ते तुम्हीच सांगू शकाल. माझ्यासारख्या माणसानं दरवाजा कधी आणि किती इंच उघडायचा हे सांगू नये. पण ‘पातळी ठरावीक वेगापेक्षा जास्त बदलू नये’ ही एक अट गणितात घातली की गणित सोडवायला तुमच्याइतकं हुशार कुणी नाही, हे मी घरात पाहिलेलं आहे.

गोव्यात कुडचडेला नंदा तळं आहे. जुवारीच्या एका उपनदीलगतची उथळ पाणथळ जागा, मधे एक दरवाजा. पाऊस सरला की दरवाजा लावून पाणी अडवतात आणि त्यावर खालच्या अंगाला भाताची शेती होते. त्याच तळ्यावर पक्षी असतात, आणि २०२२ साली गोव्याचं पहिलं रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झालं. तळं लहान आहे, आपल्या बंधाऱ्याशी त्याची बरोबरी करता येणार नाही. पण शेतीचा दरवाजा आणि पक्ष्यांचा दरवाजा एकच असू शकतो, एवढं त्यावरून दिसतं.

दुसरं उदाहरण वाईट आहे, आणि ते टाळता येणार नाही, कारण नांदूर मध्यमेश्वरला आपण मोठ्या अभिमानानं ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणतो. भरतपूरचं केवलादेवही मानवनिर्मितच. अठराव्या शतकात सूरजमलाच्या काळात अजान बांध घातला गेला आणि त्या पाण्यावर ते पाणथळ पोसलं. पुढे ते राष्ट्रीय उद्यान झालं, १९८५ साली जागतिक वारसा झालं. एवढी बिरुदं असूनही गंभीर नदीवर वरच्या अंगाला पांचना धरण झाल्यावर पाण्यासाठी वरच्या शेतकऱ्यांचा आणि खालच्या उद्यानाचा झगडा लागला, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात काही वर्षं उद्यान जवळपास कोरडं राहिलं. ज्या बाभळींवर हजारो बगळे-करकोच्यांची घरटी असायची त्या ओक्या पडल्या. शेवटी चंबळेचं पाणी नळानं आणावं लागलं. नियम, कुंपण, पहारा सगळं जागच्या जागी होतं. फक्त पाण्याचा निर्णय जिथे होत होता तिथे उद्यानाच्या बाजूनं बोलणारं कुणी वेळेवर बसलेलं नव्हतं.

आपल्याकडे एक कायदेशीर फटही आहे. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत व्याख्येतूनच काही जागा वगळल्या आहेत, आणि सिंचनासाठी खास बांधलेल्या जागा त्यांत येतात. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, रामसर यादीत आहे, म्हणून त्याला आधार आहे. पण उजनीच्या फुगवट्यावरचं भिगवण-कुंभारगाव, जिथे रोहित पाहायला अख्खं पुणं लोटतं, ते या व्याख्येत कुठे बसतं? तापीवरचं हतनूर? नीरेवरचं वीर? महाराष्ट्रातल्या पक्ष्यांच्या उत्तम जागांची यादी करायला बसलात तर ती जवळपास तुमच्या खात्याची प्रकल्पयादीच होईल. त्याही मागे गेलात तर गोंदिया-भंडाऱ्यात कोहळी समाजानं बांधलेले तलाव आहेत, नवेगावबांधसारखे. धानासाठी अडवलेल्या पाण्यानं तिथे पाखरं पोसली, आणि त्याच गोंदियाच्या धानखाचरांत आज महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस आहेत. आपल्या कोरड्या मुलखात पाणथळ राखण्याचं काम पाणी अडवणाऱ्यांनीच केलं. कायद्यानं ते गणलं नाही म्हणून ते तुमच्या खात्यानंही गणू नये, असं थोडंच आहे? २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीनं नदीच्या परिसंस्थेसाठी प्रवाहाचा काही भाग राखून ठेवायला सांगितलं आहे. मी तर प्रवाहाचा भागही मागत नाही.

गाळाबद्दल दोन शब्द बोलले नाहीत तर पत्र अपुरं राहील. तुमच्या दृष्टीनं गाळ म्हणजे गमावलेली साठवण. शेतकऱ्याच्या दृष्टीनं सुपीक माती. दोघांचं बरोबर आहे, आणि गाळ काढायच्या मागण्या थांबणार नाहीत. पण या एका जागी गाळ हाच पाणथळीचा पाया आहे. काठाचे उथळ उतार यंत्रानं खणून खोल केले तर पुढचं सगळं बोलणंच संपेल, कारण मग पाणी कितीही असलं तरी शेकाट्याला उभं राहायला जागा नसेल. कुठला गाळ हलवायचा आणि कुठल्या पट्ट्याला हात लावायचा नाही, हे वनखात्याबरोबर नकाशावर आधी आखून घ्यायला हवं. नाशिक शहराच्या सांडपाण्याचा आणि त्यावर माजणाऱ्या पानवेलींचा प्रश्न मोठा आहे, पण तो तुमच्या एकट्याचा नाही, म्हणून इथे फक्त नोंदवून ठेवते.

गावांचंही ऐका. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडी इथली पोरं आज दुर्बिणी, स्कोप घेऊन पाहुण्यांना पक्षी दाखवतात. लांबून उडणारा दलदली भोवत्या नर आहे की मादी, हे ती डोळ्यांवर हात धरून सांगतात. तिथल्या एका पोराला मी विचारलं होतं, उद्या पक्षी कुठे असतील? तो म्हणाला, “ताई, पाणी सुटलं नाही तर इथंच, सुटलं तर देव जाणे.” पाहुणे पुण्या-मुंबईहून निघालेले असतात, आणि त्याला स्वतःच्या गावातलं पाणी उद्या किती असेल ते माहीत नसतं. तुमच्या गेजचं रोजचं वाचन वनखात्याला आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर पोचलं, तर त्याचा धंदा सावरेल, मासेमारी करणाऱ्यांना अंदाज येईल, आणि पक्षीगणनेच्या आकड्यांशेजारी त्या दिवशीची पाण्याची पातळीही लिहिली जाईल. काही वर्षांत पातळी आणि पक्षी यांचा ताळा मांडता येईल. मग कुठल्या उंचीला किती गॉडविट टिकतात, हे अंदाजावर सोडावं लागणार नाही, आणि मी असली पत्रं लिहायचीही गरज उरणार नाही. यासाठी नवा निधी लागत नाही, नवं यंत्रही लागत नाही. वाचन तर तुम्ही रोज घेताच.

उन्हाळी आवर्तनाआधी वनरक्षकाला एक फोन गेला, तरी बरंच साधेल. कुठल्या बेटावर सुरयांची अंडी आहेत हे त्याला माहीत असतं. पाणी आठवडाभर पुढे-मागे करता येणार नसेल तर नाही. पण पातळी दोन इंच खाली राखून तीच पाळी देता आली, तर ती द्यावी.

कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला आमदार येतात, पाणीवापर संस्थांचे लोक येतात, महसूलचे अधिकारी येतात. नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्याचा विषय असलेल्या बैठकीला अभयारण्याच्या वनाधिकाऱ्यांनाही बोलवा. त्यांना मत द्या न द्या, पण नियोजनाच्या तक्त्यात आवर्तनाचा दिनांक, कालावधी, विसर्ग या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना आखा: बंधाऱ्यातली किमान आणि कमाल पातळी, आणि एका दिवसात जास्तीत जास्त किती फरक. तो रकाना भरायला वनखातं मदत करेल, नाशिकचे पक्षीमित्रही करतील. काही वर्षं तो चुकेलही. दुष्काळाच्या सालात तो कोराही ठेवावा लागेल, आणि तेव्हा आम्ही तक्रार करणार नाही.

पाऊस उघडला की १५ ऑक्टोबरचे साठे मोजले जातील आणि रब्बीची बैठक लागेल. त्या बैठकीच्या टिप्पणीत हा विषय घ्यावा, एवढी विनंती आहे. तोवर तुमच्यापैकी कुणाला बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन खोलीनुसार पक्षी कसे बसतात ते पाहायचं असेल, तर सकाळी सातच्या आत चापडगावला यावं. स्कोप मी आणेन, गेजचं वाचन तुम्ही आणा.

आपली,
निफाड तालुक्यातली एक पक्षीनिरीक्षक